तुरटीचं पाणी

३ मार्च २००७

कुंपणापलीकडच्या कुरणात आज मनोरा उभा राहिला. बुलडोझर जमीन सपाट करत होते तेव्हा प्रतापने छातीठोकपणे सांगितलं होतं, की तिथे चर्च होणार. माझा नवरा पुण्याचा आहे, त्यामुळे अंदाज चुकला तरी आवाज खाली येत नाही. आता तो म्हणतो, मला पहिल्यापासून शंका होतीच.

मनोरा गॅसचा आहे. जमिनीत मैलभराहून खोल भोक पाडायचं, खाली गेल्यावर ते आडवं वळवायचं, मग पाणी, वाळू आणि रसायनं दाबाने आत कोंबून खडक फोडायचा. खडक फुटला की गॅस वर येतो. कंपनीच्या क्लेटन नावाच्या माणसाने हे सगळं मला दारात उभं राहून, टोपी छातीशी धरून समजावलं. कसली रसायनं, असं विचारलं तर म्हणाला, "तुमच्या सिंकखाली असतात तसलीच, मॅम." माझ्या सिंकखाली झुरळांचं औषध आहे.

हे भोक आमच्या जमिनीखालूनही जाणार आहे. आमची परवानगी लागत नाही. दोन वर्षांपूर्वी डॅलसचं अपार्टमेंट सोडून आम्ही इथे, पेकन रिजला आलो, ते दोन एकर आणि स्वतःच्या बोअरसाठी. प्रताप तिला विहीर म्हणतो, कारण पुण्याला फोनवर सांगताना विहीर जास्त बरी वाटते. तर जमीन वरून आमची. खालचा गॅस आधीच्या मालकाच्या पुतण्याचा, जो ॲरिझोनात राहतो आणि ज्याने इथलं गवत कधी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. वास्तुशांत आम्ही केली, गॅसचा चेक त्याला जाणार. प्रतापला दुःख भोकाचं नाही, चेकचं आहे.

१९ मार्च

शेजारची वांडा पेकन पाय घेऊन आली, म्हणजे अक्रोडासारख्या पेकनची गोड, भाजलेली पोळी. वांडा सत्तरीची, एकटी, घरात मांजर नाही पण अंगणात शेळ्यांचा कळप. त्यांच्या दुधाचा साबण आणि चीज करून ती शनिवारच्या बाजारात विकते आणि त्यावर तिचं चालतं. तिच्या जमिनीखालचा गॅससुद्धा तिचा नाही. नवऱ्याच्या आजोबांनी तो कधीतरी एका ट्रॅक्टरच्या बदल्यात विकून टाकला होता. ती म्हणाली, "ट्रॅक्टरही काही खास नव्हता, हनी."

आम्ही इथे आलो त्या पहिल्या थंडीत आमचे पाइप गोठले होते. प्रताप इंटरनेटवर शोधत बसला आणि वांडा हेअर ड्रायर घेऊन सिंकखाली शिरली. तेव्हापासून या गावात माझं माणूस कोण, असं विचारलं तर ती.

११ मे

गेला आठवडाभर खडक फोडणं चालू आहे. एकामागे एक ट्रक, पंपांची घरघर, आणि दिवे असे की पडदा लावूनही पेपर वाचता यावा. भिंतीवरचा आमचा लग्नातला फोटो रोज थोडा डावीकडे कलतो. मी रोज सरळ करते. प्रताप म्हणतो, एवढं काय त्यात.

आज कंपनीने गावाला बार्बेक्यू दिला. शाळेच्या मैदानाला नवा स्कोअरबोर्ड मिळाला, चर्चला छप्पर, प्रतापला टोपी. कंपनीच्या कामगारांमुळे गावातल्या एकुलत्या एक मोटेलमध्ये जागा नाही आणि भाडी अशी चढली आहेत, की आमच्या लेकीच्या, सावनीच्या शाळेतली लायब्ररियन तीस मैल लांब राहायला गेली. स्कोअरबोर्ड आहे, पुस्तकं द्यायला कुणी नाही. प्रगती म्हणतात ती हीच असावी. मी मक्याचं कणीस तेवढं खाल्लं.

२३ जून

नळाने आज आधी उचकी दिली, मग थुंकला, आणि मग चहासारखं पाणी आलं.

"अगं, पाऊस बघ ना किती झालाय," प्रताप म्हणाला. "विहिरीत गेलंय गढूळ पाणी. दॅट्स ऑल."

पाऊस खरंच झाला आहे. टेक्ससमध्ये असा जून मी पाहिला नव्हता. आणि गढूळ पाण्याचं मला कुणी कौतुक सांगू नये. मी चिपळूणची. पावसाळ्यात आमच्या घरी वाशिष्ठीचं पाणी यायचं ते मातीसकट. आप्पा हंड्यात तुरटीचा खडा चारदा फिरवायचे, सकाळपर्यंत गाळ तळाला आणि वर आरसा. तोच खडा ते दाढीनंतर गालालाही लावायचे. दाढीचा खडा वेगळा असावा, एवढीच मागणी आईने आयुष्यभर केली आणि तीही मान्य झाली नाही. आम्ही भावंडं मात्र ठणठणीत वाढलो.

पावसाने गढूळ, म्हणजे पाऊस थांबला की निवळेल.

६ जुलै

पाऊस थांबला. पाणी निवळलं नाही. वास मात्र नवा आलाय, सडक्या अंड्यासारखा, सकाळी जास्त. सावनी तोंड धुवायलाही तयार नाही. "आई, इट स्टिंक्स. आय ॲम नॉट पुटिंग दॅट ऑन माय फेस." पंधराव्या वर्षी तिला सगळ्याचाच वास येतो, माझ्या फोडणीचासुद्धा, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

ऑफिसात आज एका नव्या मुलाची खरडपट्टी काढली. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. या पठ्ठ्याने काय करावं, टेस्टिंगच्या आधी सगळा डेटा नीटनेटका करून ठेवला. मला म्हणतो, घाणेरडा दिसत होता. अरे, घाण आहे की नाही हेच तर बघायचं असतं. लोकांना साधा विचार करता येत नाही.

९ ऑगस्ट

वांडाचं पाणी आमच्याहून वाईट. तिच्या शेळ्या हौदाला तोंड लावत नाहीत, दूध निम्म्यावर आलंय. तिने तक्रार केली आहे. गॅसची तक्रार ज्या सरकारी खात्याकडे करायची त्याच्या नावात रेल्वे आहे. मी दोनदा विचारलं, तू नक्की बरोबर ठिकाणी फोन केलास ना. ती म्हणाली, टेक्ससमध्ये असंच असतं. सरकारी माणूस यायचा तेव्हा येईल, तोवर कंपनी आपली माणसं पाठवून आजूबाजूचं पाणी बघणार आहे. ज्याने भोक पाडलं तोच येऊन सांगणार, की भोक आहे की नाही.

१३ सप्टेंबर

परवा गणपती. डॅलसहून चाळीस माणसं जेवायला येणार आणि नळाला हे असलं पाणी. पाहुण्यांना बाटल्या देऊ, असं प्रताप म्हणाला, पण मग वर्षभर फोनवर गाजवलेल्या त्या विहिरीचं काय. शिवाय उकडीचे मोदक चहाच्या पाण्यात वाफवायचे का, हाही प्रश्न होताच.

मग आप्पा आठवले. बोअरचं पाणी आधी अंगणातल्या खोपीतल्या मोठ्या प्लॅस्टिकच्या टाकीत चढतं, तिथून घरात येतं. इंडियन स्टोअरमधून तुरटी आणली, बादलीत विरघळवली, टाकीत ओतली आणि पानं ओढायच्या दांड्याने सगळं ढवळलं. अंगाला वास लागला, पण ते तात्पुरतं.

१५ सप्टेंबर

पाणी निवळलं. आरसा.

गणपती फार छान झाला. सगळ्यांनी पाण्याचं कौतुक केलं. प्रताप हातात पेला धरून उभा होता, जणू विहीर त्याने स्वतः खणली. त्याच्या ऑफिसातला केदार आणि त्याची बायको राधिका नुकतीच नागपूरहून आली आहेत. राधिकाला पाचवा महिना. बिचारी दोन पेले पाणी प्यायली आणि म्हणाली, "मावशी, किती नितळ आहे हो. आमच्या अपार्टमेंटमध्ये नुसता क्लोरिन." माझी छाती एवढी फुगली की तिला जाताना एक कॅन भरून दिला.

वांडाला मोदक फार आवडले. पेला उजेडाकडे धरून तिने बराच वेळ पाहिलं. कौतुकच वाटलं असणार.

१८ सप्टेंबर

क्लेटन आला, दोन बाटल्या आणि एक फॉर्म घेऊन. मला म्हणाला, शेजारणीच्या तक्रारीवरून येणं भाग पडलं, मॅम. आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचं ही आपली रीत. दिलं. प्यायला, आणखी मागितलं. उरलेले मोदक दिले, तेही संपवले. मग स्वयंपाकघरातल्या नळाखाली बाटल्या भरल्या, एक उन्हात धरली आणि म्हणाला, "ब्यूटिफुल." माझ्या पाण्याला एवढ्या प्रेमाने आजवर कुणी ब्यूटिफुल म्हटलं नव्हतं, मलाही नाही.

तुरटीचं त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. घर झाडून घेतलं की पाहुण्याला केरसुणी दाखवायची नसते. दर आठवड्याला थोडी घालायची असं ठरवलं आहे.

२० ऑक्टोबर

कंपनीचं उत्तर आलं. वांडाला आलं, आम्हाला नाही. शेजारच्या बोअरची खोली तेवढीच, खडक तोच, आणि तिथलं पाणी स्वच्छ. तेव्हा दोष वांडाच्या जुन्या, गंजलेल्या पाइपाचा. कंपनी तिला सहानुभूती देते. पाणी देत नाही.

संध्याकाळी ती आली. "शूबा," माझं नाव ती असंच घेते, "तुझं पाणी खरंच साफ आहे?" मी पेला भरून दिला. साफच होता. एक घोट घेऊन ती म्हणाली, "मग दोष माझाच म्हणायचा." पेला तिने धुऊन ठेवला. मला वाईट वाटलं. पण जुने पाइप वेळेवर बदलायला हवे होते हेही खरंच. आमची बोअर नवी आहे, हे मी तिला सांगितलं नाही, उगाच मन दुखायचं.

२ नोव्हेंबर

तुरीची डाळ दोनदा कुकर लावूनही शिजली नाही. भात पिवळा. सावनीच्या हातांवर पुरळ आहे, डॉक्टरने साबण बदलायला सांगितला. वांडाचाच साबण होता, तो बंद केला.

५ जानेवारी २००८

घर विकायचं ठरलं. प्रताप म्हणतो, कम्यूट फार होतो. तीन वर्षं कम्यूट तेवढाच आहे, पण कुरणात आता दुसरा मनोरा उभा राहतोय आणि त्याचा आमच्या निर्णयाशी काही संबंध नाही, असं आम्ही एकमेकांना सांगतो. आम्ही दोघंही आता बाटलीतलं पाणी पितो. याबद्दल मात्र कुणीच कुणाला काही सांगत नाही. तुरटी चालू आहे, कारण घर बघायला लोक येतात.

१५ जानेवारी

संक्रांत. वांडाला तिळगूळ द्यायला गेले. ती गावातून ट्रेलरवर पाण्याची पिंपं आणते. शेळ्या विकून टाकल्या, एक म्हातारी फक्त ठेवली आहे, कारण ती कुणी घेईना. हौदात बोअरचं तसंच पाणी, तपकिरी. मला ते बघवेना. धावत घरी गेले, तुरटीचा खडा आणला आणि म्हटलं, अगं, माझ्या वडिलांची युक्ती तुला शिकवते. बादलीत खडा फिरवला, दोघी पायरीवर बसून तिळगूळ खाल्ला, गप्पा मारल्या. हळूहळू गाळ खाली बसला. वर आरसा.

वांडा बादलीत बघतच राहिली. मग म्हणाली, "हे तू कधीपासून करतेस?"

"गणपतीपासून. ते एलिफंट गॉडचं जेवण होतं ना, तेव्हापासून."

"तो माणूस बाटल्या घेऊन आला त्याच्या आधी."

"पाच दिवस आधी," मी म्हटलं. आनंदाने म्हटलं.

ती उठली, बादली म्हाताऱ्या शेळीपुढे ठेवली. शेळीने नाक खाली नेलं, वास घेतला आणि तोंड फिरवून निघून गेली. नितळ पाणी होतं, तळ दिसत होता.

"मी त्यांना सांगत होते की माझे पाइप ठीक आहेत," वांडा म्हणाली. आवाज चढवला नाही. "तू त्यांना खरं सांगशील का, हनी?"

मी म्हटलं, प्रतापला विचारते.

चाळीस पावलांवर माझं घर, पण येताना वाट संपेना. टेस्टिंगच्या आधी डेटा साफ करणाऱ्या त्या पोराला मी ऑफिसात सगळ्यांसमोर काय काय बोलले होते ते आठवत होतं. त्याने निदान शेजारणीच्या पोटावर पाय दिला नव्हता. मला स्वतःची लाज वाटली, आणि मग आठवली राधिका, पाचवा महिना आणि माझ्या हाताने भरून दिलेला कॅन.

१६ जानेवारी

प्रताप म्हणाला, "वेडी आहेस का? घर मार्केटवर आहे. आपलं पाणी खराब आहे असं एकदा तोंडातून गेलं की कोण घेणार हे घर? वांडासाठी वाईट वाटतंच यार, पण आपण काय तिच्या पाइपात घाण घातली?"

मी म्हटलं, आपण आपल्या पाण्यातली काढली, त्याचं काय.

म्हणाला, ते टेक्निकली पाणी स्वच्छ करणंच आहे.

टेक्निकली मी गप्प बसले. हे घर विकलं गेलं नाही तर आम्ही या मनोऱ्यांच्या मधोमध म्हातारे होणार, हे मलाही कळतं. मी काही फार थोर बाई नाही.

२७ फेब्रुवारी

वांडा अंगणात दिसली. हात केला तिने. मीही केला. पेकन पाय आणला नाही तिने या वर्षी.

२२ मार्च

आमचं घर घ्यायला तयार झाले ते कोण, तर केदार आणि राधिका. प्रतापला आनंदाचं भरतं आलंय, आपल्याच माणसाला घर जातंय म्हणून. उद्या दोघं नीट बघायला येणार, दोन महिन्यांच्या बाळाला घेऊन. बाळ ठीक आहे ना, हे मी फोनवर इतक्यांदा विचारलं की राधिका हसायला लागली. घर का आवडलं तर म्हणाली, "खरं सांगू मावशी, तुमचं पाणी. बाळाला तेच द्यावंसं वाटतं."

प्रताप मला म्हणाला, "आज जरा जास्त टाक टाकीत."

तुरटी घेऊन खोपीत गेले. बादली भरली, दांडा घेतला. बराच वेळ तिथे उभी होते. मग खडा पदराला पुसला आणि परत आणून प्रतापच्या दाढीच्या सामानात ठेवला. आईची मागणी आज पूर्ण झाली. टाकीतलं उरलेलं नितळ पाणी नळ सोडून वाहून जाऊ दिलं. पेकनच्या झाडांची मनात माफी मागितली.

२३ मार्च

आले. बाळ झोपलेलं, कानटोपी घातलेली. प्रताप शाळांबद्दल बोलत होता, स्कोअरबोर्डबद्दल सुद्धा. मी आत जाऊन नळ सोडला. उचकी, थुंकी, चहा. दोन पेले भरले आणि तबकात घालून बाहेर आणले. आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचं.

राधिकाने पेला उचलला आणि थांबली. पेल्यातून बारीक बुडबुडे वर येत होते. तिने माझ्याकडे पाहिलं.

"पिऊ नकोस गं," मी म्हटलं. "तेव्हाही प्यायला नको होतंस. तेव्हा मी तुरटी घातली होती."

केदारने पेला खाली ठेवला आणि तो प्रतापकडे बघू लागला. "प्रताप, तुला माहिती होतं हे?" प्रतापचा पुण्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. इतका, की तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. राधिकाने मात्र बाळाची कानटोपी नीट केली आणि म्हणाली, "त्या कॅनमधलं पाणी मी आठ दिवस प्यायले, मावशी." रागावली असती तर बरं झालं असतं.

ती दोघं चहा न घेता गेली. तो चहा तसाही बाटलीच्या पाण्याचा होता.

२५ मार्च

प्रताप दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. घर तरी शांत झालं. बाहेर पंपांचा आवाज आहेच. काल वांडाकडे जाऊन सगळं सांगितलं, घराचा सौदा मोडला तेही. तिने मला आधी बसायला सांगितलं, मग रडून घेऊ दिलं, आणि मग खात्याचा नंबर लावून फोन माझ्या हातात दिला. मी टाकी, तुरटी, दांडा, सगळं सांगितलं. पलीकडच्या बाईने तुरटीचं स्पेलिंग विचारलं. सरकारी माणूस स्वतः येऊन टाकीच्या आधीच, बोअरच्या तोंडाशी बाटल्या भरणार आहे. तारीख कळवतील. कंपनीला मात्र हे कसं कोण जाणे, आधीच कळलं.

२८ मार्च

क्लेटन आला, टोपी छातीशी. सरकारी माणसापुढे जबाब देण्याआधी आपण मैत्रीने बोलून घेऊ म्हणाला. मी त्याला स्वयंपाकघरात बसवलं आणि वांडाला हाक मारली. ती म्हाताऱ्या शेळीला आमच्या कुंपणाला बांधून आत आली. प्रताप जिन्यावरून खाली आला. तो परत जाईल असं मला वाटलं होतं, पण खुर्ची ओढून वांडाच्या शेजारी बसला. अजून बोलत नाही माझ्याशी, पण बसला.

मी नळ सोडला आणि पेला भरून क्लेटनपुढे ठेवला.

त्याने पेल्याकडे पाहिलं. आत्ताच कॉफी घेतली म्हणाला, खरंच नको.

"आमच्याकडे पाणी घेतल्याशिवाय बोलणं सुरू होत नाही," मी म्हटलं. "पण घाई नाही. आम्ही थांबतो."

आणि आम्ही तिघं थांबलो.